दाढ काढताय? आधी हाडाचं विचारा

दाढ काढायची ठरली की पेशंट दोनच प्रश्न विचारतात: दुखेल का, आणि खर्च किती? तिसरा प्रश्न दोन-तीन वर्षांनी उगवतो, इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवून वर दात लावायचा धातूचा स्क्रू, बसवायला गेल्यावर. डॉक्टर स्कॅन दाखवून सांगतात, "इथे हाडच उरलेलं नाही, आधी हाड भरावं लागेल." मग खर्च वाढतो, महिने वाढतात आणि पेशंट वैतागतो की हे तेव्हाच का नाही सांगितलं. तक्रार रास्त आहे. हाड वाचवायचं की नाही, हे दात तोंडात असतानाच ठरवावं लागतं. दात निघाला की काही पर्याय त्याच दिवशी हातचे जातात.

वरची दाढ काढली की नजर अधू होते, ही भीती आजही ऐकू येते. डोळ्याला काही होत नाही. झीज होते ती जबड्याच्या हाडाची, आणि ती वर-खाली दोन्हीकडे होते.

हाड झिजतं म्हणजे नेमकं काय होतं

दात ज्या हाडात बसलेला असतो, ते हाड दाताबरोबर तयार होतं आणि दात आहे तोवरच नीट टिकतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो. तंतूंची एक टोकं मुळात आणि दुसरी हाडाच्या अगदी आतल्या पापुद्र्यात रुतलेली असतात. दात गेला की तंतू जातात, त्यांच्यातून येणारा रक्तपुरवठा तुटतो आणि तो पापुद्रा विरघळायला लागतो. मागच्या दाढांभोवती हाड जाड असतं, त्यामुळे तिथे थोडं गेलं तरी निभावतं. वरच्या समोरच्या दातांचं तसं नाही. ओठाकडची भिंत बहुतेकांची एक मिलीमीटरपेक्षाही पातळ असते. म्हणजे भिंत अशी काही नसतेच, असतो तो हा पापुद्राच. म्हणून समोरचा दात काढला की काही महिन्यांत ओठाखाली खळी पडलेली दिसते.

हे किती होतं? अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र पाहिले तर पहिल्या सहा महिन्यांत हाडाची रुंदी 29 ते 63 टक्के आणि उंची 11 ते 22 टक्के घटते. वर्षभरात साधारण निम्मी रुंदी जाते, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. घाई आहे ती या तीन महिन्यांची. नंतर वेग मंदावतो, पण थांबत नाही. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांवर 25 वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खालच्या जबड्याची उंची वरच्यापेक्षा सुमारे चौपट घटलेली आढळली. आजीची खालची कवळी कायम सैल का होते, याचं उत्तर त्यात आहे.

हिरडीला स्वतःचा आधार नसतो. हाड खाली गेलं की ती मागोमाग खाली जाते आणि दोन दातांमधलं गुलाबी टोक सपाट होतं. तिथे मग काळी फट दिसते. हाड एकवेळ भरता येतं, पण ते टोक परत मिळवणं भल्याभल्या सर्जनना जमत नाही.

पायरी पहिली: खुर्चीवर बसण्याआधी

सगळ्यात आधी विचारा, दात खरंच काढायलाच हवा का? रूट कॅनाल करून कॅप बसवता येत असेल तर स्वतःच्या मुळाइतकं हाड दुसरं काहीच सांभाळत नाही. मूळ उभं चिरलेलं असेल, दात हिरडीच्या आजाराने हलत असेल किंवा कीड हाडापर्यंत गेली असेल तर मात्र ताणण्यात अर्थ नाही. असा दात ठेवला तर जंतुसंसर्ग रोज थोडं हाड खात राहतो, आणि "बघू पुढच्या वर्षी" म्हणताना वाचवायचं तेच संपून जातं.

दुसरं म्हणजे त्या जागी पुढे काय बसवणार, हे ठरवा. इम्प्लांट हवं असेल तर रुंदी आणि उंची दोन्ही लागतात. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात, करायचा असेल तर हाडापेक्षा हिरडीचा आकार महत्त्वाचा, कारण खोटा दात हिरडीवर टेकतो आणि खाली खड्डा असेल तर तिथे अन्न अडकतं. अक्कलदाढ असेल तर तिथे काहीच बसवायचं नसतं, मग ग्राफ्टवर, म्हणजे खळग्यात हाडासारखी पावडर भरण्यावर, पैसे घालवायचं कारण नाही. इतकं स्पष्ट अशासाठी लिहितोय की हल्ली काही ठिकाणी प्रत्येक दाढेमागे पावडर भरण्याची पद्धत पडली आहे. "न भरता ठेवलं तर माझ्या बाबतीत काय बिघडेल?" असं सरळ विचारा. उत्तर तुमच्या एक्स-रेवर बोट ठेवून मिळालं पाहिजे.

साध्या एक्स-रेत हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. समोरचा दात असेल किंवा इम्प्लांटचा विचार असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढून घेणं योग्य. त्यात बाहेरची भिंत शाबूत आहे की आधीच गेलेली आहे, हे दिसतं.

औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा, आणि ठेवताना कंजुषी करू नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला घ्यायची अॅलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदाचं झोलेड्रोनिक अॅसिड, सहा महिन्यांचं डेनोसुमॅब ही औषधं पेशंटच्या लेखी "गुडघ्याची" किंवा "कंबरेची" असतात, दाताशी त्यांचा काय संबंध असं वाटतं. संबंध मोठा आहे. या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून मरतं. कॅन्सरसाठी हीच औषधं मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांना हा धोका बराच जास्त. जबड्याला रेडिएशन घेतलेलं असेल तरी तेच. रक्त पातळ करण्याची गोळी किंवा अॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका. बहुतेक वेळा ती चालू ठेवूनच दात काढता येतो, कारण तोंडातलं रक्त दाबून आणि टाके घालून थांबवता येतं. हृदयात किंवा मेंदूत अडकलेल्या गुठळीचं तसं नाही. मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) रिपोर्ट बरोबर न्या, सकाळची वेळ घ्या आणि नाश्ता व नेहमीची गोळी घेऊन जा. भूल जागेवरच दिली जाते, त्यामुळे उपाशी राहायचं कारण नाही.

आणि तंबाखू. सिगारेट, गुटखा आणि मिश्रीसुद्धा. "मी तंबाखू खात नाही हो, फक्त मिश्री लावते" हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक डेंटिस्टने ऐकलेलं आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती थेट हिरडीवर चोळली जाते. निकोटिनने रक्तवाहिन्या आक्रसतात आणि जखमेला रक्त कमी पोचतं. दात काढण्याआधी काही दिवस आणि नंतर निदान दोन आठवडे बंद ठेवा. ते जमणार नसेल तर ग्राफ्टचा खर्च करण्याआधी डॉक्टरांना खरं सांगा.

पायरी दुसरी: दात कसा निघतो, यावर निम्मं अवलंबून

हाड वाचवण्याची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे ते मोडू न देणं. खालची पहिली दाढ घ्या. तिला सहसा दोन मुळं असतात, एक पुढे, एक मागे, आणि ती एकमेकांपासून फाकलेली असतात. अख्खी दाढ चिमट्यात धरून गालाकडे-जिभेकडे हलवत ओढली तर मुळं बाहेर पडायला जागा हवी, म्हणून भिंत वाकते, कधी तुकडाच निघून येतो. त्याऐवजी डॉक्टर ड्रिलने दाढेचे दोन भाग करतात. मग मूळ आणि हाड यांच्या फटीत पेरिओटोम नावाचं पातळ, चपटं पातं सरकवून ते तंतू एकेका बाजूने कापतात. पातं गालाकडच्या नाजूक भिंतीवर टेकवून जोर लावायचा नसतो. जोर दोन मुळांच्या मधल्या जागेत किंवा आतल्या जाड बाजूला. मिनिट-दोन मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं, मग मूळ जरासं वर येतं, खालून रक्त पाझरतं आणि अर्धी दाढ अलगद निघते. दुसरी अर्धी तशीच.

या पद्धतीला वेळ लागतो. "पाच मिनिटांत काढून दिली" ही जाहिरात म्हणून चांगली आहे, हाडाच्या दृष्टीने नाही. त्यामुळे "दाढ तुकडे करून काढणार का?" हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. शक्य असेल तिथे हिरडी चिरून मागे सारणंही टाळावं, कारण हिरडी हाडापासून सुटली की बाहेरच्या भिंतीचा उरलेला रक्तपुरवठाही काही काळ तुटतो.

दात निघाल्यावर खळग्यातला सडका मऊ भाग चमच्यासारख्या हत्याराने पूर्ण खरवडायला हवा. पू भरपूर असेल, गाल सुजलेला असेल तर त्या दिवशी ग्राफ्ट न घालता आधी संसर्ग आटोक्यात आणणं शहाणपणाचं.

पायरी तिसरी: खळग्यात काय भरायचं

काहीच न भरताही खळगा रक्ताच्या गुठळीने भरतो आणि तिचं हाड होतं. फरक इतकाच की तोवर भिंती आत झुकलेल्या असतात. ग्राफ्टचे बारीक दाणे, साधारण अर्धा ते एक मिलीमीटरचे, ती जागा धरून ठेवतात. शरीराचं हाड त्यांच्या अवतीभवती वाढतं.

हे दाणे येतात कुठून, ते विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बाजारात खूप वापरला जाणारा एक प्रकार गोवंशाच्या हाडापासून प्रक्रिया करून बनवलेला असतो. वरून झाकायचा कोलॅजन या प्रथिनाचा पडदा अनेकदा डुकराच्या किंवा गायी-बैलाच्या ऊतीपासून काढतात. कुणाला चालतं, कुणाला चालत नाही, पण काम झाल्यावर पाकिटावर वाचून कळावं अशी ही गोष्ट नाही. चालत नसेल तर पर्याय आहेत. प्रयोगशाळेत तयार केलेलं हायड्रॉक्सिअॅपटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा बायोअॅक्टिव्ह ग्लास यांत प्राण्याचं काही नसतं. माणसाने दान केलेल्या हाडाचाही ग्राफ्ट असतो. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक असं हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पुरवते. स्वतःच्या हनुवटीचं किंवा मागच्या जबड्याचं हाड घेता येतं, पण एका खळग्यासाठी दुसरी जखम कशाला?

गोवंशाच्या हाडाचे दाणे फार सावकाश विरघळतात, वर्षानुवर्षं तिथे दिसतात; आकार टिकवायला ते चांगले. माणसाच्या हाडाचा ग्राफ्ट तुलनेने लवकर विरघळून जागा नव्या हाडाला देतो. इम्प्लांट चार-सहा महिन्यांत बसवायचं असेल तर दुसरा, ब्रिजखालचा उंचवटा राखायचा असेल तर पहिला, असा माझा कल आहे. दुसरे डॉक्टर वेगळं सांगतील, आणि दोन्हींनी काम होतं.

पीआरएफचं, म्हणजे स्वतःच्याच रक्तापासून बनवलेल्या जेलीचं, नाव हल्ली सगळीकडे ऐकू येतं. फ्रान्समध्ये 2001 मध्ये पुढे आलेली ही पद्धत. तुमच्याच दंडातून रक्त घेऊन, त्यात काहीही न मिसळता, लगेच सेंट्रीफ्यूज यंत्रात फिरवतात; मधोमध पिवळसर, लवचीक जेली तयार होते. ती खळग्यात ठेवली तर हिरडी लवकर भरते, दुखणंही कमी राहतं. पण समोरच्या दाताची रुंदी नुसत्या पीआरएफवर टिकेल, असं मी कुणाला सांगणार नाही. दाण्यांत मिसळून वापरायला उत्तम.

एवढं सगळं करूनही हाड शंभर टक्के राहत नाही. ग्राफ्ट घातलेल्या आणि न घातलेल्या खळग्यांची तुलना केली तर रुंदीत सरासरी दोन मिलीमीटरच्या आसपास फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटेल. पण नेहमीचं इम्प्लांट साधारण चार मिलीमीटर जाडीचं असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हाड लागतं, तेव्हा या दोन मिलीमीटरवर पुढचं ऑपरेशन साधं की मोठं, हे ठरतं.

"दात काढला त्याच दिवशी इम्प्लांट टाकलं की हाड झिजत नाही" असंही सांगितलं जातं. ते खरं नाही. इम्प्लांटभोवती ते तंतू नसतात, त्यामुळे बाहेरची भिंत तरीही झिजते. त्याच दिवशी इम्प्लांट घालणं चुकीचं नाही, योग्य जागी ते फार सोयीचं आहे. पण इम्प्लांट आणि भिंत यांच्यातली फट दाण्यांनी भरायला हवी.

पायरी चौथी: हिरडी झाकणं आणि तात्पुरता दात

दाणे भरल्यावर वरचं तोंड कोलॅजनच्या पडद्याने किंवा टाळूवरून घेतलेल्या हिरडीच्या गोल चकतीने बंद करतात आणि टाके घालतात. पूर्वी गालाची हिरडी ओढून खळगा घट्ट शिवत. त्याने खालची जाड, घट्ट हिरडी आपल्या जागेवरून सरकते, आणि ती तर इम्प्लांटभोवती हवी असते. म्हणून हल्ली पडदा थोडा उघडा ठेवणं पसंत करतात. न विरघळणारा, टेफ्लॉनसारखा पडदा असेल तर तो तीन-चार आठवड्यांनी काढायचा असतो. ती तारीख लिहून घ्या.

समोरचा दात असेल तर कुणीच फट घेऊन ऑफिसला जात नाही. तात्पुरता दात कसा आहे, यावर हिरडीचं बरंच काही ठरतं. काढता-घालता येणारी कवळी जखमेवर दाब देत असेल तर केलेलं काम वाया. ती जागा आतून कोरून घ्या. शेजारच्या दातांना चिकटवलेला, खालून अंडाकृती गोल केलेला दात सर्वांत चांगला: तो खळग्याच्या तोंडाशी हलकाच टेकतो आणि हिरडीची टोकं दोन्हीकडून धरून ठेवतो.

पायरी पाचवी: घरी आल्यावर

गॉज अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरा. दर पाच मिनिटांनी काढून आरशात बघू नका. लाळ गिळा. पहिले 24 तास थुंकणं नाही, चूळ नाही, स्ट्रॉ नाही. या तिन्हींनी तोंडात ओढ निर्माण होते आणि गुठळी उचकटते. रात्री उशी जरा उंच घ्या, बाहेरून बर्फ लावा, शेक नको. वरची मागची दाढ असेल तर पंधरा दिवस नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या, कारण वरच्या दाढांची मुळं सायनसला, म्हणजे गालाच्या हाडातल्या हवेच्या पोकळीला, लागून असतात.

खायला गार किंवा कोमट: दहीभात, मऊ खिचडी, नाचणीची आंबील, पेज, शिरा. चिवडा, शेंगदाणे, तीळ आणि भाकरीचे पापुद्रे खळग्यात जाऊन बसतात. लवंगेची पूड, हळद, तुरटी, काहीही त्या भोकात भरायचं नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी.

दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. खळखळून नाही, पाणी तोंडात फिरवून सोडून द्यायचं. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक माउथवॉश दिलं असेल तर सांगितलेल्या दिवसांपुरतंच. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात. बाकीचे दात रोज घासायचेच.

दोन-तीन दिवसांनी जखमेवर पांढरट-पिवळट थर दिसतो. पू समजून लोक तो काडीने खरवडतात. तो बरं होण्याचाच भाग आहे, हात लावू नका. ग्राफ्टचे दोन-चार दाणे वाळूसारखे जिभेवर आले तरी घाबरायचं नाही. चिमूटभर येत असतील, टाका सुटला असेल तर फोन करा. पहिल्या दोन दिवसांत कमी झालेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलटून कानापर्यंत ठणकायला लागलं आणि तोंडाला घाण वास आला, तर ती ड्राय सॉकेट. गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. ते अँटिबायोटिकने बरं होत नाही, डॉक्टरांकडे जाऊन धुऊन औषधी ड्रेसिंग घ्यावं लागतं. ताप, वाढती सूज, तोंड उघडता न येणं, गिळताना त्रास, किंवा दाबूनही न थांबणारं रक्त: यात रात्र काढू नये.

पायरी सहावी: पुढचे महिने

टाके आठवडा ते पंधरा दिवसांत निघतात. हिरडी चार-सहा आठवड्यांत वरून बंद होते, आणि इथेच पेशंट गायब होतात, कारण दुखत काही नसतं. आत मात्र हाड अजून कच्चं असतं. ग्राफ्ट घातला असेल तर इम्प्लांटसाठी साधारण चार ते सहा महिने थांबतात. त्यापेक्षा फार लांबवलं तर वाचवलेली रुंदी पुन्हा घटायला लागते, कारण हाडाला काम हवं असतं. तेव्हा काढण्याच्या दिवशीच चार महिन्यांनंतरची स्कॅनची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा.

कुणाकडे जायचं? साधी दाढ कोणताही चांगला बीडीएस डॉक्टर व्यवस्थित काढतो. समोरचा दात, तुटलेली भिंत, हिरडीचा जुना आजार असेल तर हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट, किंवा मुखशल्यतज्ज्ञ गाठा. खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबईत सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे हे विभाग आहेत. रांग असते, आणि ग्राफ्टचं साहित्य अनेकदा आपल्याला आणावं लागू शकतं. केस पेपर काढतानाच विचारून घ्या. खासगीत अंदाजपत्रक लेखी मागा: दात काढणं, दाणे, पडदा, टाके, स्कॅन वेगवेगळे लिहिलेले, आणि ग्राफ्टच्या पाकिटावरचं कंपनी व बॅच नंबरचं स्टिकर तुमच्या फाइलला चिकटवलेलं.

दात काढून वर्षं उलटली असतील तरी दार बंद झालेलं नाही. हाड फोडून रुंद करणं, बाहेरून ग्राफ्ट लावणं, वरच्या दाढेच्या जागी सायनसचा पडदा उचलून खाली हाड भरणं, टाळूची हिरडी खड्ड्यात बसवणं, किंवा कमी उंचीत चालणारं आखूड इम्प्लांट, असे मार्ग आहेत. प्रत्येकात काढण्याच्या दिवशीच्या ग्राफ्टपेक्षा जास्त चिरफाड, जास्त सूज आणि जास्त पैसे लागतात. अशा वेळी नवा सीबीसीटी काढून दोन वेगळ्या डॉक्टरांची मतं घेतल्याशिवाय हो म्हणू नका.